स्क्रीनवर दिसणारी पीडीएफ प्रिंटमध्ये का बिघडते? दोष फाइलचा, ब्राउझरचा की प्रिंटरचा

शनिवारी रात्री सव्वानऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. मागे झेरॉक्स मशीनचा आवाज. "दादा, हिच्या हॉल तिकिटाची प्रिंट नीट निघतच नाहीये. उद्या सकाळी साडेसातला सेंटरवर पोचायचंय आणि हे दुकान दहाला बंद होतं."

पहिल्या प्रिंटमध्ये वेबसाइटचा मेनू, वरचा लोगो आणि खाली नुसता पांढरा चौकोन आला होता. दुसऱ्या प्रिंटमध्ये हॉल तिकीट आलं, पण भाचीच्या फोटोच्या जागी काळा ठोकळा. दुकानदाराचं म्हणणं, साइटच खराब आहे, सकाळी बघू. स्क्रीनवर मात्र सगळं व्यवस्थित दिसत होतं, फोटोसकट. फोटो नसलेलं हॉल तिकीट घेऊन सेंटरच्या गेटवर उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात परीक्षार्थी आहे त्यांना सांगायला नको.

त्या रात्री काय केलं ते पुढे येईलच. घरातला 'कम्प्युटरवाला' म्हणून असे फोन मला वर्षभर येतात. निकालाच्या दिवसांत येतात, ॲडमिशनच्या वेळी येतात, कुणाला बँकेत सातबारा द्यायचा असतो तेव्हा येतात. तक्रार कायम एकाच वाक्यात असते: "पीडीएफ उघडत नाहीये" नाहीतर "प्रिंट येत नाहीये". पण या वाक्यामागे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे बिघाड असू शकतात. मुळात आलेली फाइलच खराब असेल, ब्राउझर ती नीट दाखवत नसेल किंवा प्रिंटरकडे जाताना ती बिघडत असेल. नेमकं कुठे अडलंय हे न बघता लोक ब्राउझर बदलतात, प्रिंटर बंद-चालू करतात, कम्प्युटर रीस्टार्ट करतात. कधी जमतं, कधी नाही.

आधी फाइल हातात घ्या

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फाइल सेव्ह केली का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. साइटवर पीडीएफ उघडली, दिसली आणि तिथूनच कंट्रोल दाबून पी दाबलं. यात पहिला घोटाळा होतो. बऱ्याच पोर्टलवर पीडीएफ ही स्वतंत्र टॅबमध्ये न उघडता वेबपेजच्या आत एका चौकटीत दाखवलेली असते. तुम्ही माउस चौकटीच्या बाहेर कुठेतरी क्लिक करून कंट्रोल-पी दाबलं, की ब्राउझर त्या आतल्या पीडीएफची नाही, बाहेरच्या पानाची प्रिंट काढतो. मेनू येतो, लोगो येतो, चौकट कोरी. बहिणीची पहिली प्रिंट अशीच गेली होती. साइट अजिबात खराब नव्हती.

चौकटीच्या वरच्या पट्टीत प्रिंटरचं चित्र असतं. ते दाबलं तर पीडीएफचीच प्रिंट निघते. पण त्याहून चांगलं म्हणजे शेजारचं खाली बाण असलेलं डाउनलोडचं चिन्ह दाबून फाइल उतरवून घ्या. फाइल एकदा डिस्कवर आली की ब्राउझर आणि साइट दोन्ही बाजूला काढून तिची तपासणी करता येते. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्या कम्प्युटरवर, अगदी फोनवर उघडून बघता येते. तिथे नीट दिसली तर फाइल निर्दोष. तिथेही बिघडलेलीच असेल तर प्रिंटरला शिव्या देऊन उपयोग नाही.

लिंक दाबल्यावर काहीच होत नसेल तर ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला बघा. पोर्टल नवीन टॅब उघडू पाहतं आणि ब्राउझर ते पॉप-अप समजून अडवतो. तिथे छोटं चिन्ह आलेलं असतं, त्यावर क्लिक करून त्या साइटपुरती परवानगी द्यायची. हा प्रकार इतका सर्रास घडतो, की फोनवर बोलताना मी लिंकच्या आधी हेच विचारतो.

नाव पीडीएफचं, आत भलतंच

"फेल्ड टू लोड पीडीएफ डॉक्युमेंट" असा संदेश आला तर फाइलचा आकार बघा. हॉल तिकीट किंवा उतारा साधारण शंभर-दोनशे केबी तरी भरतो. तुमची फाइल दोन-चार केबीची असेल तर ती बहुधा पीडीएफ नाहीच. उजवं क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते आणि त्याला लागून पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं आणि आवृत्तीचा आकडा असतो. पुढचा मजकूर अगम्य दिसेल, तो तसाच असायचा. पण सुरुवातीलाच टोकदार कंस आणि त्यात एचटीएमएल असं काही दिसलं, तर तुम्ही सेव्ह केलंय ते वेबपेज आहे. बहुतेक वेळा ते लॉगिनचं पान निघतं.

असं का होतं? तुम्ही लॉगिन केलं, मग दहा-पंधरा मिनिटं आधारचा नंबर शोधण्यात गेली, तेवढ्यात साइटने तुम्हाला बाहेर काढलं. नंतर डाउनलोड दाबलं तेव्हा सर्व्हरने फाइलऐवजी 'पुन्हा लॉगिन करा' हे पान पाठवलं आणि ते फाइलच्या नावाने सेव्ह झालं. किंवा तुम्ही बटणावर उजवं क्लिक करून 'सेव्ह लिंक ॲज' केलं. ते बटण म्हणजे फाइलचा थेट पत्ता नसतो, त्यामागे काहीतरी प्रक्रिया चालते, म्हणून हाताला भलतंच पान लागतं. उपाय साधा आहे: पुन्हा लॉगिन करा आणि डाव्या क्लिकनेच डाउनलोड करा.

फाइल अर्धवट उतरलेली असेल तरीही हाच संदेश येतो. पीडीएफची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. कोणतं पान, कोणतं चित्र फाइलमध्ये नेमकं कुठे आहे याची नोंद तिथे असते. नेट मध्येच तुटलं आणि शेवटचा तुकडा आलाच नाही, तर नव्वद टक्के फाइल हातात असूनही प्रोग्रॅमला ती वाचायची कुठून ते कळत नाही. काही प्रोग्रॅम ती नोंद नव्याने जुळवायचा प्रयत्न करतात, म्हणून क्वचित एकाच फाइलला एक जण नाही म्हणतो आणि दुसरा उघडून दाखवतो. त्यात वेळ घालवू नका, फाइल पुन्हा उतरवा.

फोनवर आणखी एक गंमत होते. तीच फाइल चार वेळा उतरवली की नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागतात. त्यातली एक अर्धवट, एक लॉगिनचं पान, एक दुरुस्तीआधीचं जुनं हॉल तिकीट. दुकानात जाऊन घाईत पहिली दिसेल ती पाठवली जाते. वेळ बघून सगळ्यात नवीन तीच ठेवा, बाकीच्या उडवा.

ब्राउझर काय दाखवतो आणि काय दाखवू शकत नाही

अडोबीने पीडीएफ हा प्रकार १९९३ साली आणला. बरीच वर्षं ब्राउझरला तो स्वतःहून वाचता यायचा नाही, अडोबी रीडरचं प्लग-इन बसवावं लागायचं. पुढे क्रोम आणि फायरफॉक्सने स्वतःचे पीडीएफ वाचक आत बसवले. जुन्या पद्धतीची प्लग-इन क्रोमने २०१५ मध्ये पूर्ण बंद केली. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला. तरीही काही साइटवर 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा, रीडरचं प्लग-इन सुरू करा' अशा सूचना अजून तशाच पडून आहेत. त्या वाचून सेटिंग्जमध्ये प्लग-इन शोधत बसू नका, ते तिथे नाही.

ब्राउझरमधला वाचक नव्वद टक्के कामाला पुरतो. तो कुठे अडतो, हे माहीत असलं म्हणजे झालं.

एक म्हणजे काही जुने सरकारी आणि कंपनी-कामाचे फॉर्म. उघडल्यावर इंग्रजीत फक्त "प्लीज वेट" आणि खाली तुमचा प्रोग्रॅम हे डॉक्युमेंट दाखवू शकत नसेल अशा अर्थाच्या दोन ओळी. लोक खरंच थांबून राहतात! माझे एक ओळखीचे काका अर्धा तास चहा पीत थांबले होते. हे फॉर्म एक्सएफए नावाच्या वेगळ्या पद्धतीने बनवलेले असतात. क्रोमला ते उघडता येत नाहीत. फायरफॉक्सला २०२१ च्या ९३ व्या आवृत्तीपासून बऱ्यापैकी येतात. पण असा फॉर्म भरून, त्यावर सही करून पाठवायचा असेल तर कम्प्युटरवरचा अडोबी रीडरच वापरा.

दुसरं, पीडीएफ दिसण्याऐवजी थेट डाउनलोड होते. यात बिघाड काही नाही, पण तुम्हाला ती टॅबमध्येच हवी असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, तिथे अगदी खाली ॲडिशनल कंटेंट सेटिंग्जमध्ये पीडीएफ डॉक्युमेंट्स आहे. फायरफॉक्समध्ये हेच जनरलच्या खाली ॲप्लिकेशन्समध्ये सापडेल. कधी कधी एखादा डाउनलोड मॅनेजर मध्ये पडून फाइल पळवतो. इन्कॉग्निटो खिडकीत तीच लिंक उघडून बघा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, त्यामुळे तिथे चालली तर दोष एक्स्टेन्शनचा. आणि काही साइट फाइल पाठवतानाच 'ही सेव्ह करा' असं ब्राउझरला सांगतात, तिथे कुठलंही सेटिंग चालत नाही.

मराठी अक्षरांचा घोळ

हा विषय आपल्याला जास्त छळतो, म्हणून इथे जरा थांबतो. पीडीएफचं मोठेपण असं, की फॉन्ट फाइलच्या आत भरून पाठवता येतो. बनवणाऱ्याने तो भरला नाही, तर उघडणारा प्रोग्रॅम स्वतःजवळचा एखादा फॉन्ट वापरतो. पीडीएफच्या मूळ ठरलेल्या चौदा फॉन्टमध्ये देवनागरी एकही नाही. त्यात आपल्याकडे वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग झालंय. या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, फक्त दिसताना मराठी दिसतं. फॉन्ट निघून गेला की आतलं इंग्रजी उघडं पडतं आणि ग्रामपंचायतीची नोटीस एखाद्या गुप्तहेराच्या चिठ्ठीसारखी दिसायला लागते.

अशी फाइल आली तर ब्राउझर बदलून काही होत नाही. अडोबी रीडरमध्ये फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्स नावाचा टॅब आहे. तिथे फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' असं लिहिलेलं नसेल, तर दोष बनवणाऱ्याकडचा आहे. त्यांना फॉन्ट आत भरून पुन्हा पीडीएफ करून पाठवायला सांगा. तो जुना फॉन्ट तुमच्या कम्प्युटरवर आधीच असेल तर कदाचित तुम्हाला नीट दिसेलही, पण तुम्ही ती पुढे पाठवली की समोरच्याचं तेच रडगाणं सुरू.

वेगळी गोष्ट अशी, की स्क्रीनवर मराठी स्वच्छ दिसतं आणि कागदावर वेलांट्या सटकतात, जोडाक्षरं तुटतात. इथे फाइल आणि ब्राउझर दोघेही निर्दोष. प्रिंटरचा ड्रायव्हर फाइलमधली अक्षरं आपल्या भाषेत बदलून घेताना गडबड करतो. यावर एक रामबाण नसला तरी नव्याण्णव वेळा चालणारा उपाय आहे, आणि भाचीच्या काळ्या ठोकळ्यावरही तोच चालला.

'प्रिंट ॲज इमेज'

पीडीएफच्या पानावर अक्षरं, रेषा, फोटो असे वेगवेगळे घटक एकमेकांवर ठेवलेले असतात. काही घटक पारदर्शक असतात. फोटोवर अर्धपारदर्शक शिक्का, मागे फिकट वॉटरमार्क, असं. स्क्रीनवर हे सगळं एकत्र रंगवणं ब्राउझरला सोपं जातं. जुन्या किंवा स्वस्त प्रिंटरच्या ड्रायव्हरला ती पारदर्शकता कळत नाही, मग तो तिथे काळा रंग भरून मोकळा होतो. 'प्रिंट ॲज इमेज' म्हटलं की पूर्ण पानाचं आधी कम्प्युटरवरच एक सपाट चित्र बनतं आणि प्रिंटरला फक्त तेवढं चित्र छापायचं असतं. अक्षरं नाहीत, थर नाहीत, समजून घ्यायला काही उरतच नाही.

बहिणीला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन दुकानातल्या पोराकडे द्यायला सांगितला. "भाऊ, फाइल सेव्ह कर. अडोबी रीडर आहे ना? त्यात उघड. प्रिंट, मग वर 'ॲडव्हान्स्ड' बटण दिसतंय का?" दिसलं. त्यात 'प्रिंट ॲज इमेज' वर टिक. प्रिंटर नेहमीपेक्षा जरा उशिरा हलला, कारण आख्ख्या पानाचं चित्र म्हणजे प्रिंटरसाठी मोठा ऐवज. पण कागदावर भाची फोटोत दिसली. क्रोममध्येही प्रिंटच्या खिडकीत 'मोअर सेटिंग्ज' उघडलं की पीडीएफसाठी हा पर्याय मिळतो, फक्त आवृत्ती जुनी असेल तर नसतो.

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "सर, खालची सहीची चौकट कापली गेली." ही आपल्याकडची जुनी दुखणी. विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार अमेरिकन 'लेटर' असा ठेवलेला राहतो. लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर आणि आपला ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे लेटर सहा मिलिमीटर रुंद, पण अठरा मिलिमीटर आखूड. ए-फोरचं पान मूळ आकारात लेटर समजून छापलं की तळाचे जवळपास दोन सेंटिमीटर जातात. हॉल तिकिटावर परीक्षार्थीची सही नेमकी तिथेच असते. प्रिंटच्या खिडकीत 'पेपर साइज' ए-फोर करा, 'स्केल' ला 'फिट' ठेवा. कुरियरचं लेबल किंवा मोजमापाचा नकाशा असेल तर मात्र 'ॲक्च्युअल साइज' च हवं, नाहीतर मापं चुकतात.

तिसरी प्रिंट नऊ पन्नासला हातात आली.

सही असलेली फाइल असेल तर सावध

इथे एक इशारा देतो, कारण या चुकीत पैसे आणि फेऱ्या दोन्ही वाया जातात. डिजिटल सहीचा सातबारा, ई-आधार, काही दाखले या फाइलींमध्ये सही ही नुसती चित्रासारखी नसते. फाइलमधला एक अक्षरही बदलला तर ते पकडता येईल अशी ती गणिती खूण असते. प्रिंटच्या खिडकीत प्रिंटरऐवजी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडून जी फाइल तयार होते ती नवी फाइल असते. दिसायला हुबेहूब, पण आतली सही गेलेली. माझ्या एका मित्राने कर्जासाठी असाच सातबारा मेल केला, तो परत आला, आणि 'मूळ फाइल पाठवा' म्हणजे काय हे कळेपर्यंत चार दिवस गेले. ऑनलाइन द्यायची असेल तर डाउनलोडच्या चिन्हाने घेतलेली मूळ फाइलच द्या. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट काढून नाही. ई-आधारला पासवर्ड असतो (नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष), तोही 'सेव्ह ॲज पीडीएफ' केल्यावर उडतो आणि तुमचं आधार कुणालाही उघडता येईल असं होतं.

सहीजवळ पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' दिसलं म्हणून कागद बनावट ठरत नाही. क्रोम ती सही तपासतच नाही, फाइलमध्ये जे चित्र ठेवलंय ते काढून दाखवतो. तपासायचं असेल तर नेट चालू ठेवून अडोबी रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करा आणि सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राला विश्वासू म्हणून मान्यता द्या. मग पुन्हा तपासणी केली की हिरवी खूण येते. फाइल तुम्ही स्वतः अधिकृत साइटवरून उतरवलेली असेल तरच ही मान्यता द्यायची. कुणी पाठवलेल्या फाइलला देऊ नका. डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांकही छापलेला असतो, बँकवाल्यांना तो दाखवला तर ते स्वतः साइटवर खात्री करू शकतात.

आणि पीडीएफ 'दुरुस्त' करून देणाऱ्या किंवा पासवर्ड काढून देणाऱ्या फुकटच्या साइटवर आधार, पॅन, बँक स्टेटमेंट चढवू नका. बिघडलेली फाइल पुन्हा उतरवायला पाच मिनिटं लागतात.

त्या रात्री फोन ठेवण्याआधी बहिणीला एक काम सांगितलं: दुकानाच्या कम्प्युटरवरची भाचीची फाइल डाउनलोड्समधून काढ, रिसायकल बिनमधूनही काढ आणि पोर्टलवरून लॉगआउट कर. ती म्हणाली, "अगं बाई, इथे डाउनलोड्समध्ये गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं पडलीयेत."